मडगार्ड, फेंडर आणि झालर

“चिखल अडवतं म्हणून मडगार्ड. नावातच कामाचा पत्ता आहे. आणि हा म्हणतो फेंडर! फेंडर म्हणे! उद्या माझ्या नाकाला घंटा म्हणेल आणि हलवून वाजवायलाही येईल.”

हे सगळं बाबा साइडकार लावलेल्या मोटरसायकलच्या पोटाखाली उताणे पडून सांगत होते, आणि सांगत होते ते इंजिनाला. ऐकत मात्र छर्री होती, कारण ती त्यांच्या डोक्याशीच एका लाकडी खोक्यावर बसली होती. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो मामा चार हातांवर, त्यांच्याकडे पाठ करून, दुसऱ्या एका चाकाच्या तारा ताणत होता. त्याच्याही कानांना काही झालेलं नव्हतं. ‘घंटा’ शब्दाला त्यानं एक तार जरा जास्तच जोरात छेडली.

“बाबा, तो ऐकतोय,” छर्री म्हणाली.

“ऐकू दे. त्याला सांग, मागच्या मडगार्डचा नट ढिला आहे.”

छर्रीनं मान वळवली तोवर मामा उठलाही होता. पाना घेऊन मागच्या चाकाशी गेला, नट आवळला, बोटानं हलवून पाहिलं आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “त्यांना सांग, फेंडरचा नट आवळला.”

“बाबा, आवळला.”

“ऐकलं मी. बहिरा नाही झालो.”

छर्रीला हसू आलं. ‘त्याला सांग’ आणि ‘त्यांना सांग’ या दोन शब्दांवर हे गॅरेज तिच्या जन्माआधीपासून चाललेलं होतं. फक्त सांगायचं ते तिला नव्हे.

बेअरिंगमधल्या गोळीला छर्रा म्हणतात. लहानपणी ही पोर एका जागी ठरत नसे, घरंगळत कुठेही जाऊन पोचायची, म्हणून मामानं तिला छर्री म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता चाळिशी मागे पडली होती, गुडघे कुरकुरत होते, दुसऱ्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात ती लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायची. पण या दारातून आत आलं की ती छर्रीच.

*

दोघांचं भांडण शब्दांचं होतं, पण शब्द काही त्यांच्या पदरचे नव्हते. बाबा धंदा शिकले ते एका म्हाताऱ्या वस्तादाकडे. वस्तादाची उभी हयात ब्रिटिश मोटरसायकली खोलण्यात गेलेली. तो सायलेन्सर म्हणाला, बाबा सायलेन्सर म्हणाले. तो गिअरबॉक्स, पेट्रोल टँक, गजन पिन म्हणाला, बाबांनी ते गुरुमंत्रासारखं कानात साठवलं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तरुणपणी घरातून निघाला आणि लांबच्या एका बंदराजवळच्या वर्कशॉपात जाऊन राहिला. तिथे सगळ्या अमेरिकन गाड्या. काही वर्षांनी परत आला तो खांद्यावर कातडी जाकीट, हातात अवजारांची ट्रंक आणि तोंडात निराळीच भाषा घेऊन. मफलर. ट्रान्समिशन. गॅस टँक. रिस्ट पिन.

पहिल्याच दिवशी जुंपली म्हणे.

“गॅस टँक? त्यात गॅस कुठाय? पेट्रोल भरतोस ना त्यात?”

“मग तुमच्या गिअरबॉक्सात काय खोकं असतं का, दाजी?”

“असतंच की! उघड आणि बघ!”

“बरं, खोकं तर खोकं. गजन पिनचं काय? हा गजन कोण?”

“असेल कुणीतरी. ज्यानं शोधली तो.”

“आणि रिस्ट पिन म्हणजे मनगट. पिस्टनचं मनगट! दाजी, चित्र उभं राहतं डोळ्यांपुढे.”

“मफलर म्हटल्यावर काय चित्र उभं राहतं? सर्दी झालेला माणूस!”

पिस्टनमधून आरपार जाणारी ती पोलादी दांडी बिचारी दोघांच्या मधे पडली होती. काउंटरमागच्या स्टुलावरून आई उठली, दांडी उचलली, पुसली आणि खणात टाकत म्हणाली, “लाटणं आहे हे. सरळ लाटणं. भांडताय कशाला?”

तिथून गॅरेजात तिसरी भाषा सुरू झाली.

आईचं शिक्षण बेताचं. इंग्रजी ब्रिटिश असो की अमेरिकन, तिला दोन्ही सारखंच लांब. तिनं प्रत्येक वस्तू हातात घेतली आणि ती घरातल्या कशासारखी दिसते ते बघून बारसं केलं. कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीला बाबा फ्लोट चेंबर म्हणत, मामा फ्लोट बोल म्हणे. आईनं तिचं नाव ठेवलं ओंजळ. सायलेन्सर-मफलरचं केलं हळूबाई. गाडी उभी करायच्या स्टँडला बाबांचं साइड स्टँड, मामाचं किकस्टँड, आईचा टेकू. आणि चाकावरचं ते मडगार्ड किंवा फेंडर, ज्यावरून अख्खा पावसाळा दोघांचा अबोला झाला होता, ते आईच्या लेखी झालर.

“दोघांचं शुद्ध,” ती म्हणायची, “आणि माझं बरोबर.”

या दोघांनी तिचे शब्द चुकूनही कधी तोंडात घेतले नाहीत. पोरखेळ म्हणायचे. तिला मात्र दोघांचेही शब्द येत होते, कारण काम चालायचं ते तिच्यामार्फत. बाबा जमिनीवरून ओरडायचे, “फ्लोट चेंबर!” मामा कोपऱ्यातून ओरडायचा, “स्नॅप रिंग!” आई स्टुलावरून न उठता खण ओढायची. खणांवर नावाची चिठ्ठी नव्हतीच. प्रत्येक खणाच्या कडीला आत जे आहे त्याचा एक नग तारेनं बांधलेला. आंधळ्यालाही चाचपून सापडावं असं. म्हणजे उठून दोन पावलं टाकली असती तर ज्याला जे हवं ते त्याचं त्याला मिळालं असतं. पण तसं कुणी केलं नाही. मागायचं तर काउंटरला मागायचं, सांगायचं तर काउंटरला सांगायचं. “त्याला सांग, ब्रेक झाला माझा.” “त्यांना सांग, मी बघतोय अजून.” दोघं एकमेकांच्या घामाचा वास येईल इतके जवळ बसलेले, आणि निरोप जायचा आईवरून वळसा घालून. वाटेत त्यातलं विष गळून पडायचं. “त्याला सांग, अक्कल वापर” याचं आईकडून निघेपर्यंत “अरे, ते जरा जपून, म्हणताहेत” एवढंच उरायचं.

आणि तेलाचं तर ठरलेलंच होतं. गाडीत नवं तेल घातलं की घालणाऱ्यानं हाक द्यायची, “तेल झालं!” आई खिळ्यावरची लाल चिंधी काढून त्या गाडीच्या हँडलला बांधायची. चिंधी दिसली की दुसऱ्यानं तिकडे वळायचं नाही.

छर्री या सगळ्याखाली वाढली. अक्षरशः खाली. काउंटरच्या पोटात एक कप्पा होता, तिथे पोतं अंथरून ती बसायची. वरून आईचे पाय हलायचे आणि तिन्ही भाषा तिच्या डोक्यावरून जायच्या. शाळेत बाईंनी एकदा चित्र दाखवून विचारलं, मोटरसायकलचा हा भाग कोणता? छर्री उभी राहिली आणि म्हणाली, “बाबांचं सांगू, मामाचं सांगू, की आईचं?” बाई म्हणाल्या, जे खरं आहे ते सांग. तिला रडूच फुटलं. घरी आल्यावर मामा हसून हसून लोळला आणि बाबा शाळेत जायला निघाले. कशाला, तर मडगार्डच खरं आहे हे बाईंना सांगायला.

एकाच गोष्टीवर वाद नव्हता. मागच्या सीटला बाबा पिलियन म्हणत, मामा बडी सीट म्हणे, पण त्याबद्दल ते कधी भांडले नाहीत. कारण आई तिला ‘माझी जागा’ म्हणायची. संध्याकाळी गॅरेज बंद झालं की बाबा त्यांची जुनी गाडी काढायचे, आई हातातली पिशवी मांडीवर घेऊन एका बाजूला पाय सोडून बसायची, आणि मामा शटर ओढता ओढता ओरडायचा, “ताई, घट्ट धर! दाजींची गाडी ब्रिटिश आहे, कुठेही थांबेल!” बाबा मागे न बघता एक हात हवेत उडवायचे. आईचं हसणं गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू यायचं, आणि वळणावर गाडी थांबलेलीही असायची पुष्कळदा.

*

आई जाऊन आता बरेच महिने झाले होते. पण हे वाक्य त्या गॅरेजात अजून कुणी उच्चारलेलं नव्हतं.

छर्रीला हे आधी ठाऊक नव्हतं. फोनवर बाबा म्हणायचे, “चाललंय. त्या दिवसापासून जरा जेवणाचं वेळेवर होत नाही, इतकंच.” मामा म्हणायचा, “ताईचं ते झाल्यावर दाजी जरा चिडचिड करतात.” त्या दिवसापासून. ते झाल्यावर. तिला वाटलं, म्हाताऱ्या पुरुषांची बोलायची रीत. खरं काय ते कळलं शेजारच्या न्हाव्याच्या फोनवरून.

“पोरी, ये तू,” न्हावी म्हणाला. “तुझ्या दोन्ही म्हाताऱ्यांनी रस्ता तेलानं सारवलाय.”

झालं होतं ते असं. डोंगराकडून दर वर्षी एक मधवाला येतो. साइडकारची मोटरसायकल, साइडकारमध्ये माणसाऐवजी मधाचे डबे. वर्षातून एकदा या वाटेनं उतरतो, गाडी इथे दाखवतो आणि पुढे जातो. तशी त्यानं या वर्षीही लावली. बाबांनी गिअरबॉक्समध्ये तेल घातलं आणि सवयीनं काउंटरकडे बघून हाक दिली, “तेल झालं!” त्या वेळी मामा मागच्या नळावर हात धूत होता. तो आला, हँडल पाहिलं, चिंधी नाही. त्यानं ट्रान्समिशनमध्ये तेल घातलं आणि काउंटरकडे बघून हाक दिली, “तेल झालं!” त्या वेळी बाबा फाटकाशी कुणाशी बोलत होते. चिंधी खिळ्यावर तशीच. दुप्पट तेल पोटात घेऊन मधवाला निघाला. न्हाव्याच्या दुकानापुढे गाडीनं हवा सोडायच्या भोकातून जी फेसाळ उलटी केली ती मधवाल्याच्या पायजम्यापासून समोरच्या पायरीपर्यंत. आवाज ऐकून एक अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बाहेर बघायला आलं आणि बघायच्या आत घसरून बसलं.

“ते सोड,” न्हावी म्हणाला. “तेल काय, माती टाकली, गाडी ढकलत परत गॅरेजात लावली. पण मी भांडण सोडवायला आत गेलो तर दोघं एकमेकांशी भांडतच नव्हते. स्टुलाशी भांडत होते. हा स्टुलाला म्हणतोय, ‘त्याला सांग, माझ्या कामात हात घालू नको.’ तो स्टुलाला म्हणतोय, ‘त्यांना सांग, मला इथे राहायची हौस नाही.’ रिकाम्या स्टुलाशी, पोरी. माझ्या अंगावर काटा आला.”

म्हणून छर्री आली होती.

आल्या दिवशीच तिच्या ध्यानात आलं, स्टूल लखलखत होतं. गॅरेजात सगळ्यावर काळपट तेलकट साय असते, दिव्याच्या बटणावर, चहाच्या कपावर, कॅलेंडरवर. स्टूल मात्र नुकतं पुसलेलं. सकाळी बाबा यायच्या आधी मामा ते पुसत होता. संध्याकाळी मामा वर गेल्यावर बाबा पुसत होते. दोघांनाही वाटत होतं, आपण एकटेच पुसतो. कुणी त्यावर बसत नव्हतं, म्हणून छर्री खोक्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी एक बाई हँडलची मूठ मागायला आली. “तुमच्या मालकीणबाई नाहीत?” तिनं सहज विचारलं.

“आत आहे,” बाबा म्हणाले.

छर्रीनं मामाकडे पाहिलं. मामानं मान खाली घालून कुठलातरी स्क्रू पिळला, जो आधीच पिळून बसलेला होता.

*

मामाची खोली गॅरेजच्या वरच. एक खाट, एक खिडकी, भिंतीवर त्या कातडी जाकिटाचा खिळा. लग्न त्यानं केलं नाही. आई विचारायची तेव्हा म्हणायचा, “ताई, अमेरिकन पद्धतीची मिळाली तर बघ.” छर्री जिना चढून गेली तेव्हा तो अवजारं ट्रंकेत भरत होता, एकेक चिंध्यांत गुंडाळून, अंडी ठेवावीत तसा.

“म्हणजे खरंच चाललास?”

“बंदरावरचा माझा एक दोस्त आहे. त्यानं जुन्या गाड्यांचं मोठं दालन काढलंय. लोक बघायला येतात. म्हणतो, तू ये, गाड्या चालू ठेव. बरं आहे गं. तिथे मी मफलर म्हटलं की माणूस मफलर आणून देतो. वाद नाही, कटकट नाही.”

“आणि बरं वाटेल तुला? वाद नसला तर?”

मामानं एक पाना दोनदा गुंडाळला. “तुझ्या बाबांना दुसरा माणूस मिळेल. सायलेन्सर म्हणणारा. ढिगानं मिळतील.”

“मामा, बाबा त्या बाईला म्हणाले, आई आत आहे.”

“हो. म्हणतात.”

“आणि तू गप्प बसतोस?”

“मी काय सांगू?” तो एकदम वळला. “दाजी, ती आत नाही, असं सांगू? ते सांगायचं तर आधी मला ते म्हणता यायला हवं ना, छर्रे. मी मघाशीसुद्धा काउंटरला म्हटलं, उद्या निघतो म्हणून त्यांना सांग. म्हटल्यावर कळलं, कुणाला म्हटलं ते.”

खाली बाबांचा खोकण्याचा आवाज आला. मामा थांबला, खोकला संपेपर्यंत थांबला, आणि मग ट्रंकेचं झाकण लावलं.

“उद्या मधवाला गाडी न्यायला येतोय. स्टेशनवर सोडतो म्हणाला मला, साइडकारमधून. तू त्यांना सांग.”

“तूच सांग.”

“तू सांग गं. तुझ्या तोंडून बरं वाटेल.”

छर्री खाली आली. बाबा साइडकारच्या गाडीचं तेल पुन्हा मोजत होते, तिसऱ्यांदा. तिनं सांगितलं. बाबांनी तेलाची काडी पुसली, परत बुडवली, परत काढली.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “त्याला सांग, ट्रंकेला दोरी बांध. त्या ट्रंकेची कडी आला तेव्हापासून तुटकी आहे.”

तेव्हा छर्रीला कळलं की हा माणूस गेला तर बाबांशी भांडणारं कुणी राहणार नाही, आणि भांडणारं कुणी राहिलं नाही तर बाबा रोज सकाळी येतील, स्टूल पुसतील, आणि हळूहळू तेही ‘आत’ जाऊन बसतील. आणि ती स्वतः? तिचा दवाखाना होता, घर होतं, मुलं होती. ती फार तर आणखी काही दिवस खोक्यावर बसून निरोप्यासारखी मान वळवू शकत होती. आईनं जन्मभर केलं ते. पण आई निरोप नेता नेता दोघांना ओढून जवळ ठेवत होती. छर्री नुसतीच नेत होती. तिच्या हातून निरोप जात होते आणि माणसं लांब चालली होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मधवाला आला. धुतलेला पायजमा, खाकेत मधाची बरणी. गाडीला फेरी मारून आणली, खाली वाकून बघितलं, थेंब नाही. खूश झाला. बाबांनी पुन्हा एकदा माफी मागितली, त्यानं हात झटकले.

“अहो, तेलाचं काय घेऊन बसलात? माझी बायको म्हणाली, पायजमा तसाही टाकायचाच होता.”

मामा ट्रंक घेऊन जिना उतरला. अंगात कातडी जाकीट. भर दुपारी. दोरी बांधलेली होती. छर्रीनं ट्रंकेची एक बाजू धरली आणि दोघांनी ती साइडकारमध्ये पायाशी ठेवली. मामा आत बसला, गुडघे छातीशी आले. निरोप घ्यायचा म्हणून त्यानं वाकलेल्या छर्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांकडे बघायचं टाळून सरळ रस्त्याकडे बघत बसला.

“थांब,” बाबा म्हणाले.

ते गाडीच्या मागे गेले. वाकले. मागच्या चाकाशी काहीतरी हलवून पाहिलं.

“झालर ढिली आहे,” ते म्हणाले. “अशी गाडी सोडायची नाही.”

छर्रीच्या हातातला फडका तसाच राहिला. तो शब्द या गॅरेजात आईशिवाय मोठ्या माणसाच्या तोंडून कधी निघाला नव्हता. बाबांच्या तर नाहीच नाही.

मामाची मान वळली. “आवळलीय मी,” तो म्हणाला. “काल. तुमच्यासमोर.”

“ढिली आहे.”

“दाजी, हलवून बघितली मी. दगडासारखी आहे.”

“मी म्हणतोय ना ढिली आहे!”

ते एकमेकांशी बोलत होते. त्याला सांग नव्हतं, त्यांना सांग नव्हतं. छर्री हळूच एक पाऊल मागे सरली.

मधवाला गोंधळला. “झालर म्हणजे काय? माझ्या गाडीला झालर?”

“मडगार्ड,” मामा म्हणाला. मडगार्ड म्हणाला! आणि आपण काय म्हणालो ते कळून ओठ चावला. “ताईचा शब्द आहे तो.”

“हां, बाईंचा!” मधवाल्याचा चेहरा उजळला. त्यानं खाकेतली बरणी पुढे केली. “बरी आठवण केलीत. ही त्यांची बरणी. दर वर्षी इथेच उभ्या राहून बोट बुडवून चव घेतात आणि मला सांगतात, यंदा फुलं चांगली होती की वाईट. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, आत आहेत. आजही आतच? बोलवा की जरा. भाऊ गावाला निघालाय आणि बहीण बाहेरसुद्धा येत नाही? रुसल्या की काय?”

गॅरेजात कुठेतरी कार्ब्युरेटरच्या वाटीतून उरलेलं पेट्रोल डब्यात ठिबकत होतं. आईची ओंजळ. मधवाल्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बरणी पुढे केलेला त्याचा हात हळूहळू खाली आला.

बाबांनी छर्रीकडे पाहिलं. ते बघणं ती ओळखून होती. लहानपणी काउंटरखालून तिनं ते शंभरदा पाहिलं होतं, फक्त त्या वेळी ते तिच्या डोक्यावरून आईकडे जायचं.

“त्यांना सांग,” बाबा म्हणाले. “छर्रे, त्यांना सांग की ती...”

“नाही, बाबा.” छर्रीनं फडका खिळ्यावर टाकला, लाल चिंधीशेजारी. “सगळे निरोप पोचवले मी. हा नाही पोचवणार. हा तुमचा तुम्ही सांगा.”

बाबांनी स्टुलाकडे पाहिलं. स्टूल चकचकत होतं. त्यांच्या ओठांची नुसतीच हालचाल झाली, जणू ‘आत आहे’ हे दोन शब्द सवयीनं पुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी ते हातानं बाजूला सारले. मग ते काउंटरकडे पाठ करून वळले. साइडकारपाशी आले. जाकिटात घामाघूम झालेल्या, गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या त्या म्हाताऱ्या मेव्हण्यापुढे उभे राहिले आणि साइडकारची कड धरली, काळ्या नखांच्या दोन्ही हातांनी.

“ती वारली,” बाबा म्हणाले. मधवाल्याला नाही, मामाला. “तुझी ताई वारली रे. आत कुणी नाही. आणि तू गेलास तर बाहेरही कुणी नाही.”